आपापलं ताट

३० जून २०२४, रविवार

आज पाटी लावली. 'सावली : शाळेआधी आणि शाळेनंतर'. यांनी स्टुलावर चढून खिळे ठोकले आणि मी खालून 'डावीकडे, अजून डावीकडे' करत राहिले. यजमानांचं नाव चंद्रभान, पण वहीतसुद्धा मी 'हे'च लिहिणार. सवय आहे.

शुभम नोकरीला पुण्याला गेल्यापासून समोरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. घरात मी एकटी. यांचं खत-बियाण्यांचं दुकान, दिवसभर तिकडेच. मागच्या गल्लीत प्राथमिक शाळा. आईबाप दोघंही नोकरीवर, आणि पोरं शाळा भरायच्या आधी तासभर फाटकाशी उभी, सुटल्यावरही उभी, हे मी गच्चीवरून किती वर्षं पाहत होते. कल्पना मात्र प्राजक्ताची. ती बँकेत आहे, समोरच्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहते. तिची रेवा यंदा दुसरीत. ती म्हणाली, साधनाताई, तुम्ही बालवाडीत शिकवलेलं आहे, तुमच्याकडे आम्ही डोळे झाकून मुलं ठेवू. आलेल्या नावांपैकी निम्मी तिनेच आणून दिली.

पन्नाशीच्या तोंडावर पहिल्यांदा माझं स्वतःचं असं काही. भीती वाटते. हिवरखेडला आईला फोन केला तर ती म्हणाली, लोकाईची लेकरं म्हणजे इस्तव आहे, जपून.

१ जुलै, सोमवार

दोन जण रडले, एकानं ओकलं. स्वयंपाकाला ठेवलेल्या आशाबाईनं पोळ्या चांगल्या केल्या. पाय सुजले. झोपते.

१२ जुलै, शुक्रवार

आज नवी मुलगी आली. सम्यका. तीही दुसरीत, रेवाच्याच वर्गात. आई करुणा सरकारी दवाखान्यात नर्स. वडील नागसेन अमरावतीला एका ऑफिसात, रोज गाडीनं जाणं-येणं. सकाळी सातला निघतात ते संध्याकाळीच परत. रेल्वे लाइनच्या पलीकडे भाड्यानं राहतात. करुणा बोलायला नीट, कपडे नीट, पोरीच्या दोन वेण्या इतक्या घट्ट की पाहत राहावं.

आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. आपल्याला काय करायचं त्याचं. मी असलं काही मानत नाही, हे आधीच लिहून ठेवते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आता बसली घडी. सकाळी आठपासून पोरं येतात, गृहपाठ होतो, जेवून शाळेत जातात. सुटल्यावर पुन्हा इथं. संध्याकाळी मुरमुऱ्याचा चिवडा नाहीतर फोडणीची पोळी. मग खेळ.

रेवा आणि सम्यका म्हणजे एका माळेचे मणी. दोघींचं काय बोलणं चालतं देव जाणे, पण सतत चालतं. सम्यकाला पाढे तोंडपाठ, रेवाला चित्रं काढता येतात, दोघी एकमेकींचं करून देतात आणि मला वाटतं की मला कळत नाही.

एक गोष्ट मला फार आवडली. एवढ्या मुलांत सम्यका एकटीच जेवण झालं की आपलं ताट उचलून मोरीत नेते आणि स्वतः घासून पालथं घालते. सात वर्षांची पोर. मी बाकीच्यांना म्हटलं, पाहा, शिका काही. आईनं काय वळण लावलं आहे. करुणाला मुद्दाम सांगितलं तर ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, घरी तर उचलतसुद्धा नाही. मी हसले. पोरं घरी वेगळी आणि बाहेर वेगळी, असतंच.

४ सप्टेंबर, बुधवार

दिवे लागले की शुभंकरोति म्हणतो. आज मी म्हटलं, ज्याच्या घरी जे म्हणतात ते म्हणून दाखवा. एकानं मारुतीचं स्तोत्र म्हटलं, एकीनं गणपतीची आरती अर्धीच. सम्यकानं बुद्धवंदना म्हटली. हात जोडून, डोळे मिटून, एकही शब्द न अडखळता. आवाज बारीक पण सरळ. पोरं एरवी एक मिनिट गप्प बसत नाहीत, ती बसली. रेवा म्हणाली, मलाही शिकव. मला बरं वाटलं. असं असावं, असं वाटलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

प्राजक्ता रेवाला न्यायला आली ती बसली. चहा घेतला. रेवा घरी वंदना म्हणते म्हणाली, अगदी गणपतीपुढेही म्हटली, सासूबाई जरा जुन्या वळणाच्या आहेत. प्रॉब्लेम काहीच नाही हो, म्हणाली, पण लहान मुलांचा गोंधळ होतो, एकच प्रार्थना ठेवली तर बरं.

बरोबर आहे तिचं. लहान मुलांचा गोंधळ होतो. उद्यापासून फक्त शुभंकरोति.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर सर्दी-खोकल्यानं घर भरलं. प्राजक्तानं पालकांच्या ग्रुपवर सुचवलं की प्रत्येकानं आपापलं ताट, पेला आणि पाण्याची बाटली घरून आणावी, तीच वापरावी, तीच परत न्यावी. सगळ्यांनी अंगठे दाखवले. करुणानंही. मला कल्पना आवडली. आरोग्याच्या दृष्टीनं योग्यच आहे, आणि आशाबाईचंही काम कमी.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज दोन गोष्टी लक्षात आल्या. त्या आधी का लक्षात आल्या नाहीत, माहीत नाही.

जेवताना सम्यका दाराशी बसते. रेवा आता पंक्तीच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, इकडे ये गं, दारातून गार वारा येतो. ती म्हणाली, मला इथंच आवडते मावशी. डिसेंबरातला वारा कोणाला आवडतो. रेवाला विचारलं, भांडलात का? तिनं मान हलवली आणि भाजीतले आलू मोजत बसली.

दुसरी गोष्ट ताटाची. आशाबाईला सहज म्हटलं, आता ताटं घरी जातात, पण आधी तू सगळ्यांची घासायची तेव्हा सम्यका आपलं आपणच का घासायची? आशाबाई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाई घासत तिचं. पैल्याच दिवशी सांगतलं तिले, तुह्यं तू घासत जा."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? आशाबाई गेली तर सकाळी एवढ्या पोळ्या कोण लाटणार. आणि आता ताटं घरूनच येतात, घरीच घासली जातात. म्हणजे तसा प्रश्न उरलाच नाही.

पण मी ऑगस्टात त्या पोरीचं सगळ्यांपुढे कौतुक केलं होतं. तेव्हा ती काय विचार करत असेल?

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल रात्री झोप नव्हती. आज जेवताना मी स्वतः सम्यकाजवळ जाऊन बसले. दोन घास झाले नाहीत तोच फोन आला, उठावं लागलं. नंतर राहून गेलं.

२० जानेवारी २०२५, सोमवार

प्राजक्ता पुन्हा आली. या वेळी चहा नको म्हणाली. विषय असा की सम्यकाची आई दवाखान्यातून सरळ इथं येते, त्याच कपड्यांनी, कोण कोण पेशंट हाताळून येत असेल. काही आया काळजीत आहेत. कोण, ते तिनं सांगितलं नाही. पलीकडच्या रस्त्यावर नवीन सेंटर उघडतंय, एसी आहे, तिकडे चौकशी करताहेत म्हणाली. मी तुमच्या बाजूनं आहे ताई, म्हणून सांगते.

मी म्हटलं, करुणा आत येतसुद्धा नाही, फाटकातूनच नेते. प्राजक्ता म्हणाली, तेही खरं. आणि गप्प बसली. ती गप्प बसली की मला काहीतरी कबूल करावंसं वाटतं. काय कबूल करायचं ते मात्र समजत नाही.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "इतका जीव नको लावू. धंदा म्हटला का गिऱ्हाइकाचं आयकाच लागते." मी म्हटलं, पण कारण काय. हे म्हणाले, "कारण तुले माहीत हाये."

मला माहीत आहे का? दवाखान्याचं कारण अगदीच खोटं आहे असं नाही. आमच्याच नात्यात एकाला दवाखान्यातून काहीतरी लागलं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मार्चपासून सकाळची शाळा. साडेअकराला सुटणार, म्हणजे पोरं दुपारभर इथं. उन्हात बाहेर सोडता येत नाही, सगळी दोन खोल्यांत. जागा खरंच कमी पडणार आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझं मीच पाहून ठरवते आहे. कोणीतरी एक कमी करावंच लागेल. सम्यका सगळ्यांत शेवटी आली होती, त्यामुळे न्यायानं तिचाच नंबर.

हे सगळं लिहून पुन्हा वाचलं. बरोबर वाटतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

करुणाला सांगितलं. फाटकाशीच. तिची ड्युटी संपली होती, डोळ्याखाली काळं होतं. मी पाठ केल्यासारखं बोलून गेले: जागा, ऊन, मुलांची संख्या.

ती म्हणाली, "ताई, सकाळच्या शाळेतच तर खरी गरज आहे. ते सातला निघतात, मी संध्याकाळी येते. मधात ती कुठी राहीन?"

मी म्हटलं, कोणी नातेवाईक. ती म्हणाली, सासर मूर्तिजापूरकडे, सासूबाई अंथरुणावर आहेत. एक महिना तरी ठेवा, मी दुसरी सोय पाहते. मी म्हटलं, मला वाईट वाटतं, पण जागाच नाही. तेव्हा तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. समोरची खोली मोकळी होती, पोरं मागं कॅरम खेळत होती. तिनं ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'नंतर वाद घालायला काही उरलं नाही. मला हायसं वाटलं.

सम्यकानं आपलं ताट, पेला, बाटली पिशवीत भरली. चप्पल घालताना विचारलं, "मावशी, मी काही केलं का?"

मी म्हटलं, नाही गं राणी, जागा नाही ना.

४ मार्च, मंगळवार

प्राजक्ताच्या नणंदेचा मुलगा आजपासून यायला लागला. तशी जागा नव्हतीच, पण केली.

कूलर बसवला. पोरं त्याच्यासमोर तोंड करून 'आऽऽ' करतात, आवाज थरथरतो, सगळी हसतात. ग्रुपवर फोटो टाकला. खूप बदाम आले.

१९ मार्च, बुधवार

रेवानं जेवताना सांगितलं की सम्यका आता एकटी घरी जाते. गळ्यात किल्ली असते, दोऱ्यात बांधलेली. ऑटोवाले काका सोडतात. शेजारी एक आजी आहे, ती मधून मधून बघते. रेवाला त्या किल्लीचा हेवा वाटतो. मलाही पाहिजे किल्ली, म्हणाली.

सात वर्षांची पोर, बंद घरात, दुपारभर. मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. पोरं वेळ आली की शहाणी होतात. आम्ही नाही का, आई वावरात गेली की घर सांभाळायचो. मात्र आमच्या वेळी घर उघडं असायचं आणि गल्लीत माणसं असायची.

काल शाळेच्या फाटकाशी ती दिसली होती. ऑटोची वाट पाहत दप्तर डोक्यावर धरून उभी. तिनं मला पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

१४ एप्रिल, सोमवार

शाळेला सुट्टी, मलाही. भाजी घ्यायला निघाले तर रस्त्यात मिरवणूक. गाडी बाजूला घेऊन उभी राहिले. गर्दीत नागसेन दिसले, खांद्यावर सम्यका. पांढरा फ्रॉक, वेण्यांना निळ्या फिती. तिनं मला ओळखलं आणि लांबूनच हात हलवला, जसं काही झालंच नाही. आज मीही हलवला. घरी येईपर्यंत हलकं हलकं वाटत होतं.

१६ एप्रिल, बुधवार

सम्यका गेली.

काल दुपारी. शाळेतून आली, दार उघडलं, कूलर लावायला गेली. जुना लोखंडी कूलर. खाली पाणी सांडलेलं होतं आणि बॉडीत करंट उतरलेला. शेजारच्या आजींनी हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून खिडकीतून पाहिलं. तोवर खूप उशीर झाला होता. ज्या दवाखान्यात आई ड्युटीवर होती तिथंच तिला नेलं.

हे मला प्राजक्ताच्या फोनवरून कळलं. ती रडत होती, खरंच रडत होती. मग म्हणाली, "नशीब ताई, आपल्याकडे असताना नाही झालं."

मला तिचा राग येतो आहे. पण इथं खरं लिहायचं तर तिनं म्हणण्याआधी ते माझ्याच मनात येऊन गेलं होतं. बातमी ऐकल्यावर सगळ्यांत आधी तेच आलं. पोर नंतर आठवली.

१८ एप्रिल, शुक्रवार

बसायला जाऊन आले. हे नको म्हणत होते, एकटीच गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर मांडव, दवाखान्यातल्या कितीतरी नर्सेस. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो. कूलर कोणीतरी अंगणात आणून उलटा टाकला होता.

मी बायकांच्या मागं भिंतीला टेकून बसले. करुणा समोर होती. ती कोणाकडेच पाहत नव्हती. नागसेन दारात उभे होते, आलेल्या माणसाला चप्पल कुठं काढायची ते सांगत होते. परत परत तेच सांगत होते. मी निघाले तेव्हा मलाही म्हणाले, ऊन आहे, रुमाल बांधा डोक्याला.

ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचे मेसेज. जोडलेले हात, मेणबत्त्या. फेब्रुवारीतच करुणाला ग्रुपमधून काढलं होतं. म्हणजे तो मजकूर आम्ही एकमेकांनाच पाठवत होतो.

२१ एप्रिल, सोमवार

ऊन असं की बोलवत नाही. पेपरात अकोल्याच्या तापमानाचा आकडा पुन्हा वर. माणसं दुकानात तो आकडा कौतुकानं एकमेकांना सांगतात.

इलेक्ट्रिशियन बोलावला, कूलरला अर्थिंग करून घेतलं, सगळी बटणं तपासली. ग्रुपवर कळवलं. धन्यवाद ताई, धन्यवाद ताई.

रेवा जेवली नाही. बाकीची झोपल्यावर माझ्याजवळ आली. "मावशी, सम्यकाला काहून काढलं होतं?"

मी म्हटलं, जागा नव्हती बेटा.

ती म्हणाली, "मग तो दादा कसा आला?"

नणंदेचा मुलगा तिथंच झोपला होता, दाराशी, सम्यका बसायची त्या जागी. मी तिला जवळ घेतलं. ती आली नाही, अंग ताठ केलं. म्हणाली, आईनं मला सांगितलं होतं तिच्याजवळ बसायचं नाही. मी नाही बसले. तिला राग आला असेल का?

तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले आणि तिथंच बसून राहिले.

२३ एप्रिल, बुधवार

आज करुणाकडे गेले. संध्याकाळी, माणसं कमी असतील म्हणून. ती एकटी होती, कपडे घडी करत होती. मोठ्यांचेच कपडे. मला बस म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. मी दाराच्या आत खाली बसले.

जे बोलायचं ठरवून गेले होते ते बोलले. जागा होती. जागेचं कारण खोटं होतं. दवाखान्याचं कारणही. ताटांचं सांगितलं, आशाबाईचं सांगितलं, प्राजक्ताचं नाव घेतलं, मग वाटलं की नाव घेऊन मी माझं वजन कमी करून घेते आहे, म्हणून म्हटलं, निर्णय माझा होता. बोलता बोलता मी रडायला लागले.

ती घड्या करत राहिली. माझं रडणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "ताई, हे मले सांगून काय फायदा? मले तर त्याच दिवशी समजलं होतं. फाटकातच."

मी म्हटलं, मग तुम्ही काही बोलल्या का नाही.

"काय बोलू? तुम्ही ठेवलं असतं तरी ती दाराशीच बसली असती. ताट घासायची ते तिनं मले सांगतलं होतं. मी म्हटलं, घास बाई, ऊन लागण्यापेक्षा बरं." तिनं हातातला शर्ट पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली. "एवढं गिळून पाठवत होतो आम्ही. तुम्ही तेही नाई होऊ दिलं."

बाहेर मालगाडी गेली. मग ती म्हणाली, "मले नका सांगू. ज्याईच्यासाठी केलं त्याईले सांगा. सगळ्याईसमोर."

मी हो म्हटलं. परत येताना भीती वाटत होती. तिच्यासाठी नाही, शनिवारी पालकांची मीटिंग आहे त्यासाठी.

२५ एप्रिल, शुक्रवार

यांना सांगितलं काय बोलणार आहे ते. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, एक पोर गेली ती गेली, आता आहेत ती घालवू नको. मग हात धुऊन आल्यावर म्हणाले, पाटी मी लावली, उतरवायलाही मलाच सांगू नको म्हणजे झालं.

उद्या सगळं संपेल. प्राजक्ता उठून जाईल, तिच्यामागं निम्मी जातील. मी तयारी ठेवली आहे. खरं सांगायचं तर मनात कुठंतरी तेच हवं आहे. काहीतरी जायला हवं माझं.

२६ एप्रिल, शनिवार

बोलले.

सुट्टीतलं वेळापत्रक ठरवायला सगळे आले होते, समोरच्या खोलीत सतरंजीवर. मी उभी राहिले. म्हटलं, सम्यकाला जागा नव्हती म्हणून काढलं असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. ती कोणाची आहे त्यावरून काढलं. आपली मुलं तिच्या पंक्तीला बसलेली आपल्याला चाललं नाही. तसं तोंडानं कोणी म्हटलं नाही, मीही नाही. पण आपल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि काढलं मी. काढलं नसतं तर पंधरा तारखेला दुपारी ती इथं असती.

एवढंच. पाठ केलेलं आणखी होतं, ते आठवलं नाही.

कूलरचा आवाज तेवढा येत होता. एका वडिलांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. दोघीतिघी खाली पाहत होत्या. मी प्राजक्ता उठण्याची वाट पाहत होते. ती उठली. माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "ताई, तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. तुमची काही चूक नाही. कोणाचीच नाही." तिचे डोळे भरले होते. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. एक जण म्हणाले, घरातल्या वायरिंगकडे लोकं लक्षच देत नाहीत, हा खरा मुद्दा आहे. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग एकीनं हळूच विचारलं, सुट्टीत वेळ पुन्हा सकाळी आठचीच ना?

रात्री प्राजक्तानं डबा पाठवला. वरणभात आणि चिठ्ठी, आराम करा.

२८ एप्रिल, सोमवार

सगळी मुलं आली. एकही कमी नाही. एक वाढलं.

आपापली ताटं घेऊन आली. मी म्हटलं, ताटं आणणं बंद करा, आणि माझ्या घरची काढली, सगळ्यांना त्यात वाढलं. आशाबाईनं ती घासली. आता घासायला तिला काय अडचण.

रेवा दाराशी जाऊन बसली. मी तिला उठवलं नाही.

४ मे, रविवार

करुणाला सांगायचं होतं की मी बोलले. मी बोलले आणि काहीच झालं नाही, हेही सांगायचं होतं. ती मला काय म्हणणार होती, माहीत नाही. बहुतेक तिनं काहीतरी म्हणावं म्हणूनच जात होते. हे मला वाटेत सुचलं, तरी गेले.

दाराला कुलूप. अंगणात कूलरही नव्हता. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. सत्यभामाबाई, खिडकीतून पाहिलं त्या ह्याच. म्हणाल्या, गेले ते अमरावतीले, परवाच सामान नेलं. तिचीही बदली करून घेऊन राहिले म्हणते. ह्या घरात त्याईले झोप येत नव्हती.

मी पायरीवर टेकले. उन्हानं डोकं गरगरत होतं. बाई माझ्याकडे निरखून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमी कोन, बाई, पोरीच्या?"

नात्यातली नाही. शिक्षिका नाही. मी म्हटलं, मी सांभाळायची तिला. शाळा सुटल्यावर.

बाई खाली माझ्याजवळ बसल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं, त्यांनी साधंच विचारलं. "मंग त्या दिवशी कोठी होत्या तुमी?"

मी म्हटलं, "घरीच होते."

त्या उठल्या. आत गेल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.